औषधालयाची वही आणि संगणकाचे कोष्टक

वैद्याचा व्यवसाय निदानाचा आहे, तसाच तो नोंदींचाही आहे. कोणत्या रुग्णास कोणते औषध किती दिवस दिले, कपाटातील कोणत्या चूर्णाची मुदत केव्हा संपते, पाच किलो चूर्णासाठी पिंपळी किती घ्यावयाची, हे प्रश्न दररोज पुढे येतात. आजवर यांची उत्तरे कीर्द-खतावणीत, रुग्णपत्रकांत आणि बऱ्याच अंशी वैद्याच्या स्मरणात असत. आपला रायगड जिल्हा औषधनिर्माणास नवखा नाही. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्याची परंपरा १८७२ पासूनची आहे. तथापि खालापूर-कर्जत परिसरातील आपली लहान चिकित्सालये व औषधी दुकाने एक-दोन माणसांवर चालतात. तेथे स्मरणावरचा भार वाढला की त्याचा परिणाम अखेर रुग्णावर होतो.

संगणकावरील कोष्टक, म्हणजेच स्प्रेडशीट, हा भार पुष्कळ हलका करते. १९७९ साली डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ हे वैयक्तिक संगणकावरील पहिले लोकप्रिय कोष्टक आणले. १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ आले. ‘लिबर ऑफिस कॅल्क’ हे विनामूल्य मिळते व आपल्या कामास पुरते. ही विद्या संगणकतज्ज्ञांची आहे, असा समज आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. वस्तुतः चार-पाच सूत्रे आणि थोडी शिस्त एवढ्यावर आपले दैनंदिन काम भागते. ती सूत्रे कोणती आणि त्यांना कोठे मर्यादा पडते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभिक परिभाषा

कोष्टकात उभे स्तंभ असतात, त्यांना ए, बी, सी अशी नावे असतात. आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक असतात. स्तंभ व ओळ जेथे मिळतात त्या चौकोनास ‘सेल’ म्हणतात. बी स्तंभातील दुसऱ्या ओळीचा सेल म्हणजे बी२. सेलमध्ये आरंभी बरोबरचे चिन्ह (=) दिले की पुढे लिहिलेले ते सूत्र ठरते. या लेखात सूत्रे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. संगणकावर मात्र सूत्रांची नावे, स्तंभाक्षरे व अंक इंग्रजीतच टंकावेत. औषधांची व रुग्णांची नावे मराठीत लिहिण्यास हरकत नाही, परंतु ती युनिकोडमध्ये असावीत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली नावे दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाहीत व शोधताही येत नाहीत.

पहिली वही : साठा आणि मुदत

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत नियम १६१-ब हा २००९ साली अधिसूचित झाला आणि आयुर्वेदीय औषधांवर मुदत छापणे आवश्यक झाले. चूर्णास दोन वर्षे, आसव-अरिष्टांस दहा वर्षे, अशी कल्पानुसार मुदत भिन्न आहे. म्हणूनच एकाच कपाटातील शंभर-दीडशे औषधांच्या मुदती लक्षात ठेवणे अशक्य होते. त्यात आपल्याकडचा पाऊस. बोरघाटाच्या पायथ्याशी चार महिने हवेत जो ओलावा असतो, त्यात मुदतीच्या काठावर आलेले चूर्ण आणखी ठेवणे इष्ट नाही.

यासाठी ‘साठा’ नावाचे पान करावे. त्यात पुढील क्रमाने स्तंभ घ्यावेत : ए - आवक क्रमांक, बी - औषध, सी - बॅच, डी - मुदतीची तारीख, ई - आलेले नग, एफ - गेलेले नग, जी - शिल्लक, एच - उरलेले दिवस, आय - शेरा. आवक क्रमांक आपण स्वतः द्यावयाचा. एकच औषध दोन वेळा आले, तर दोन क्रमांक व दोन ओळी.

जी२ मध्ये =ई२-एफ२ लिहिले की शिल्लक मिळते.

एच२ मध्ये =डी२-टुडे() लिहावे. ‘टुडे’ म्हणजे आजची तारीख. ती दररोज आपोआप बदलते, म्हणून उरलेले दिवसही रोज ताजे दिसतात. उत्तर तारखेच्या रूपात दिसल्यास सेलचे स्वरूप ‘नंबर’ करावे.

आय२ मध्ये =इफ(एच२<०,"बाद",इफ(एच२<९०,"आधी द्या","")) लिहावे. ‘इफ’ म्हणजे ‘जर’. जर मुदत संपली असेल तर ‘बाद’. तसे नसेल आणि नव्वदपेक्षा कमी दिवस उरले असतील तर ‘आधी द्या’. एरवी सेल रिकामा. मुदतीची तारीख भरावयाची राहिली असेल, तरीही हे सूत्र ‘बाद’ असाच शेरा देते, ही त्यातील सोय आहे. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ या सुविधेने ‘बाद’ शब्दाची ओळ लाल करता येते. दुकानातील सहायकास मग वेगळे काही सांगावे लागत नाही.

पाकिटावर केवळ महिना व वर्ष असेल, तर तारीख म्हणून त्या महिन्याची पहिली तारीख घालावी. फरक पडलाच तर तो रुग्णाच्या हिताच्या बाजूने पडतो. वर्षाचे चारही अंक लिहावेत आणि तारखेत महिन्याचे नाव अक्षरांत दिसेल असे स्वरूप निवडावे. काही संगणक दिवस आधी धरतात, काही महिना आधी. त्यामुळे चार जुलैचे सात एप्रिल झालेले सहज ध्यानात येत नाही.

जावक आणि बॅचचा माग

दुसरे पान ‘जावक’. त्यात ए - तारीख, बी - आवक क्रमांक, सी - नग, डी - रुग्ण क्रमांक. आता साठ्याच्या एफ२ मध्ये =समइफ(जावक!बी:बी,ए२,जावक!सी:सी) असे लिहावे. अर्थ असा की जावक पानावर ज्या ज्या ओळीत हा आवक क्रमांक आहे, त्या त्या ओळीतील नगांची बेरीज करावी. एकदा जावक लिहिली की शिल्लक आपोआप घटते, ती दुसऱ्यांदा लिहावी लागत नाही.

जावक लिहिताना औषधाचे नाव समोर दिसावे म्हणून ई२ मध्ये =व्हीलुकअप(बी२,साठा!ए:सी,२,फॉल्स) द्यावे. हे सूत्र आवक क्रमांक साठ्यात शोधते आणि दुसऱ्या स्तंभातील नाव आणून दाखवते. येथे शेवटचा ‘फॉल्स’ हा शब्द कदापि गाळू नये. तो असेल तर क्रमांक न सापडल्यास संगणक चुकीचे चिन्ह दाखवतो. तो नसेल तर संगणक ‘जवळचा’ क्रमांक धरतो. आवक क्रमांक ११७ नोंदवलेलाच नसेल, तर ११६ क्रमांकाचे औषध निमूटपणे दाखवतो. किराणा दुकानात एक वेळ हे खपेल, औषधालयात खपणार नाही.

या दोन पानांचा खरा उपयोग संकटात होतो. एखाद्या बॅचविषयी शंका उत्पन्न झाली, कंपनीने ती परत मागविली, तर ते औषध कोणास दिले हे शोधावे लागते. रसौषधींच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे. ‘फिल्टर’ या सुविधेने आवक क्रमांक निवडला की संबंधित सर्व रुग्ण क्रमांक क्षणात समोर येतात. बांधीव वहीत यास पूर्ण दिवस लागतो, आणि एखादे नाव सुटतेच.

दुसरी वही : योगाचे प्रमाण

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यांस कायद्याने निर्मितीच्या परवान्यातून सूट दिली आहे. प्रमाणाच्या जबाबदारीतून मात्र सूट नाही. सितोपलादि चूर्णाचे सर्वपरिचित उदाहरण घेऊ. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ व दालचिनी १, असे एकूण ३१ भाग. ए२ ते ए६ मध्ये द्रव्ये व बी२ ते बी६ मध्ये भाग लिहावेत. बी७ मध्ये =सम(बी२:बी६) लिहिले की ३१ येतात. ई१ मध्ये हवे असलेले एकूण वजन ग्रॅममध्ये, समजा ५०००, लिहावे.

आता सी२ मध्ये =बी२/$बी$७*$ई$१ लिहून ते सी६ पर्यंत खाली ओढावे. उत्तरे अनुक्रमे २५८०.६, १२९०.३, ६४५.२, ३२२.६ व १६१.३ ग्रॅम येतात. उद्या दोन किलोच करावयाचे असेल, तर केवळ ई१ मधील अंक बदलावा.

डॉलरच्या चिन्हाचे येथे विशेष कार्य आहे. सूत्र खाली ओढले की त्यातील पत्तेही एकेक ओळ खाली सरकतात. बी२ चे बी३ होणे आपणास हवे असते, परंतु एकूण भागांचा सेल बी७ हा जागीच राहिला पाहिजे. डॉलरचे चिन्ह त्यास जागी खिळवून ठेवते.

प्राचीन मानांचे रूपांतरही असेच करता येते. भारत शासनाच्या आयुर्वेदीय योगसंग्रहात कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम व प्रस्थ ७६८ ग्रॅम धरले आहे. हा तक्ता एका पानावर ठेवून ‘व्हीलुकअप’ने वजन आणावे. तथापि येथेच सूत्राची सीमा दिसते. शार्ङ्गधराच्या मानपरिभाषेनुसार कुडवापर्यंत शुष्क, आर्द्र व द्रव द्रव्यांचे मान समान असते. प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावयाची, मात्र तुलेस द्वैगुण्य नाही. शिवाय गुडूची, कुटज, वासा, शतावरी यांसारखी द्रव्ये नित्य आर्द्रच घ्यावयाची असल्याने ती द्विगुण करावयाची नाहीत. संगणकास यातील काहीही ठाऊक नाही. म्हणून ‘गुणक’ असा स्वतंत्र स्तंभ ठेवून त्यात १ किंवा २ वैद्याने स्वतः भरावे. गुणाकार संगणकाने करावा, निर्णय वैद्याने.

तिसरी वही : रुग्णाची पुढील भेट

भेटीची तारीख ए स्तंभात व औषधाचे दिवस ई स्तंभात असतील, तर =ए२+ई२ ही पुढील भेटीची तारीख. त्या स्तंभावर ‘सॉर्ट’ केले की या आठवड्यात कोण यावयास हवे होते ते कळते. आपल्या भागात यास वेगळे महत्त्व आहे. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जातात व पावसापूर्वी वाडीवर परततात. जाण्याचा अंदाजे महिना एका स्तंभात लिहिला, तर दीर्घ चिकित्सेतील रुग्णास पथ्य व औषध निघण्यापूर्वीच देता येते.

=काउंटइफ(डी:डी,"आमवात") या सूत्राने डी स्तंभात लिहिलेल्या निदानांपैकी आमवाताच्या नोंदी मोजता येतात. मात्र शुद्धलेखन एकच हवे. ‘सितोपलादि’ व ‘सितोपलादी’, ‘त्रिफला’ व ‘त्रिफळा’ हे संगणकाच्या दृष्टीने भिन्न शब्द आहेत. ‘डेटा व्हॅलिडेशन’ने ठरावीक नावांची यादी जोडावी आणि त्यातूनच निवड करावी.

कराचा दर एकाच ठिकाणी

औषधविक्रेत्यांसाठी एक ताजे उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ज्यांनी प्रत्येक सूत्रात १२ हा अंक लिहिला असेल, त्यांना शेकडो सेल दुरुस्त करावे लागतात, आणि एखादा राहतोच. दर एका सेलमध्ये ठेवून सर्व सूत्रांनी तोच डॉलरसह घेतला, तर एकच अंक बदलावा लागतो. अर्थात असे केल्यास त्या पानावरील जुन्या देयकांचा करही बदलेल. यास्तव दर बदलताना जुने पान तसेच ठेवून नवे पान सुरू करावे.

पथ्यापथ्य

बॅच क्रमांक ‘३-५’ असा लिहिला तर संगणक त्यास तीन मे समजतो, ‘०४७’ मधील आरंभीचे शून्य गाळतो. म्हणून बॅचच्या स्तंभाचे स्वरूप लेखनापूर्वीच ‘टेक्स्ट’ करावे. ही अडचण केवळ आपली नाही. ‘मार्च-१’ यासारख्या जनुकनामांच्या तारखा होऊ लागल्याने आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली अशी नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोष्टकाचे जुने स्वरूप ६५,५३६ ओळींवर अपुरे पडल्याने १५,८४१ कोविड-बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. आपल्या ओळी तेवढ्या नसतील, परंतु फाइल जुन्या स्वरूपात जतन होत नाही ना, हे पाहून ठेवावे.

पावसाळ्यात वीज जाणे आपणास नवीन नाही. दिवसातून अनेकदा ‘सेव्ह’ करावे आणि आठवड्यास एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानाबाहेर ठेवावी. रुग्णांच्या नोंदी असलेल्या फाइलीस पासवर्ड असावा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कागदावर असो वा संगणकात, ती गोपनीयच होय.

आरंभ कसा करावा

तिन्ही वह्या एकदम सुरू करू नयेत. प्रथम केवळ साठ्याची वही घ्यावी, त्यातही वीस औषधे. एक महिना बांधीव वही व कोष्टक दोन्ही चालू ठेवावे, महिनाअखेर कपाटातील नग प्रत्यक्ष मोजावेत आणि तिन्हींचा मेळ घालावा. मेळ बसला की औषधे वाढवावीत. आपल्याकडील अनेक तरुण सहायकांनी एमएस-सीआयटी अभ्यासक्रम केलेला असतो. त्यांस सूत्रे येतात, आपणास औषधे कळतात. दोघांनी शेजारी बसून केलेली वही टिकते.

सूत्र बेरीज करील, तारीख मोजील, ओळ लाल करील. ती लाल ओळ पाहून औषध कपाटातून बाजूला काढणे हे मात्र आपल्याच हातांचे काम आहे. व्यवसायबंधूंनी येत्या तिमाहीत निदान साठ्याची वही आरंभावी, ही विनंती.