ज्येष्ठांच्या खोलीसाठी एसी निवडताना

‘एसी आहे हो डॉक्टर, पण मुले-नातवंडे आली की लावतो,’ हे वाक्य एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात वारंवार कानी पडते. विजेच्या बिलाची धास्ती समजण्याजोगी आहे. मात्र उकाड्यात रात्र काढणे उतारवयात केवळ गैरसोयीचे नसते. ते प्रकृतीवर बेतू शकते.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे पारा विदर्भाइतका चढत नाही. पण हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. वयोमानानुसार घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी व क्षार आणखी घटू शकतात. या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. खोली सुसह्य ठेवणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

एसी गारवा ‘तयार’ करत नाही. विहिरीवरचा पंप पाणी उपसतो, तसा तो खोलीतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. म्हणूनच उत्तम यंत्र विजेच्या एका युनिटमागे चार-पाच युनिटांइतकी उष्णता बाहेर नेऊ शकते. हाच पंप उलटा चालवून थंड प्रदेशांत घरे उबदार ठेवतात. मुंबईकरांनी मात्र ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जादा पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

खरेदी करताना ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकनाचे लेबल नीट वाचावे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. म्हणून त्यावरील वर्षही पाहावे. लेबलवर १,६०० तासांच्या वापरास लागणारी वीज युनिटांत दिलेली असते. समजा, पंचतारांकित एसीवर ८०० आणि त्रितारांकित एसीवर १,००० हा आकडा आहे. म्हणजे रात्री आठ तासांना अनुक्रमे सुमारे चार व पाच युनिटे. महिन्याचा फरक तीस युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर तीनशे रुपयांचा.

उन्हाळ्यात तीन महिने, तेही रात्रीपुरताच वापर असेल, तर वर्षाची बचत नऊशे रुपयांच्या आसपास राहते. तेव्हा त्रितारांकित एसी पुरेसा ठरू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी तो वर्षभर दिवसरात्र चालणार असेल, तर हीच बचत दहा हजारांवर जाते. तेथे पंचतारांकितच घ्यावा. शिवाय महिन्याची युनिटे वाढली की वीजदराचा टप्पाही चढतो, हे विसरू नये. दोन्ही बाबतींत इन्व्हर्टर एसी बरा; तो सारखा बंद-चालू न होता वेग कमी करून चालत राहतो.

साधारण १२० चौरस फुटांच्या खोलीस एक टनाचा एसी पुरतो. खोली वरच्या मजल्यावर, गच्चीखाली असेल किंवा भिंतीवर दुपारचे ऊन येत असेल, तर अधिक क्षमता लागते. बाहेरचे युनिट कोंदट डक्टमध्ये बसवू नये. उष्णता बाहेर पडली नाही की वीज जास्त खर्च होते. समुद्राजवळच्या घरांनी गंजरोधक लेपाची चौकशी करावी. थंड झोत थेट पलंगावर येणार नाही अशी जागा निवडावी.

१ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करताच तो २४ अंशांवर सुरू होणे बंधनकारक आहे. ज्येष्ठांना बहुधा २६ अंश आणि मंद पंखा मानवतो. पावसाळ्यात ‘ड्राय’ मोड उपयोगी पडतो. जाळी दर पंधरवड्यास धुवावी. रिमोटची मोजकी बटणे आजी-आजोबांना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीत आणि पाण्याचा तांब्या उशाशी असावा.

उकाड्यात बोलण्यात असंबद्धता, ग्लानी, तापलेली त्वचा ही लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीस गार जागी न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीस पाणी पाजू नये.