अंजिराच्या पोटात दडलंय काय?

पुष्कळ दिवसांनी कुणी घरी आलं, की आजी म्हणते, "अरे, तू तर अगदी उंबराचं फूल झालास!" उंबराचं फूल कुणाला दिसतच नाही ना! आणि पिकलेलं उंबर फोडलंत, तर आतून बारीक किडे भुर्रकन उडतात. अंजीर म्हणजे याच उंबराचा चुलतभाऊ. मग अंजिरातही...? थांबा, तोंड वाकडं करू नका.

ताजं अंजीर उभं चिरून बघा. ते खरं म्हणजे एक मांसल पिशवी आहे. तिच्या आतल्या बाजूला शेकडो चिमुकली फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. फुलं नसतात असं नाही, ती आत कोंडलेली असतात! दाताखाली कुरकुरतात ना, ते बारीक दाणे म्हणजे एकेका फुलाचं एकेक फळ. म्हणजे आपण एका घासात किती फळं खातो, मोजा बरं!

पण कोंडलेल्या फुलांपर्यंत पराग पोचवणार कोण? देठाच्या विरुद्ध टोकाला एक भोक असतं. गांधीलमाशीची जेमतेम दोन मिलिमीटरची एक नातलग त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की बिचारीचे पंखच तुटतात. रानटी अंजिरात तिचा जन्म होतो. तिथले पराग ती अंगावर घेऊन येते.

कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी १८८० नंतर तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीची रोपं आणून लावली. झाडं झकास वाढली, पण फळं कच्चीच गळायची. माशी आणायची राहिली होती! ती १८९९ मध्ये तिथे रुळली आणि अंजिरं पिकू लागली.

"ई! म्हणजे आपण माशी खातो?" छे! सासवड-पुरंदरकडच्या आपल्या पुणेरी अंजिराला माशी लागतच नाही. त्याची फळं परागांवाचूनच पोसतात. स्मर्ना अंजिरात शिरलेली माशीसुद्धा फळातल्या रसानं विरघळून जाते.

पण माशी नाही, म्हणून पुणेरी अंजिराचे दाणेही पोकळ! ते कुंडीत पेरून वाट बघत बसाल, तर फसाल. शेतकरी फांदीचे तुकडे लावूनच नवी झाडं करतात. तुम्हीही पावसाळ्यात एखादी कांडी लावून बघा. फक्त ती तोडताना आईबाबांना बरोबर घ्या. पांढरा चीक हाताला लागला, की कातडी चुरचुरते!