आठ मिनिटे नऊ सेकंद, आणि त्यानंतर

पावसाळा संपता संपता आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी आंतरशालेय स्पर्धेत ८०० मीटर धावली. नेहमीच्या वेळेपेक्षा तब्बल नऊ सेकंद कमी लागले. खेळाच्या सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर तिचे अब्बू वारज्यातल्या माझ्या घरी आले. खाली रिक्षा लावलेली, हातात मिठाईचा पुडा. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते मुद्द्यावर आले. एका खासगी अकादमीने मुलीला बोलावलं होतं. राहणं, खाणं, सराव सगळं तिथेच. फी मोठी, पण रिक्षावर कर्ज निघेल. शाळा काय, बाहेरून परीक्षा देता येईल. "मॅडम, आप बोलो. बेटी चॅम्पियन बनेगी ना?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. माझं स्वतःचं धावणं पीएमपीची बस पकडण्यापुरतं. पण माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, त्यामुळे अविनाश साबळे हे नाव आमच्याकडे घरच्या मुलासारखं घेतलं जातं. त्याच्या शर्यती मी गेली सहा-सात वर्षं बघत आले आहे. त्या दिवशी मी त्या अब्बूंना साबळेचीच गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहिते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता एखादं पळणारं लेकरू आहे, आणि एका चांगल्या वेळेनंतर आई-बापांना काय वाटतं ते मी समोर बसून पाहिलं आहे.

साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आई-वडील कष्टकरी, शाळा सहा किलोमीटर लांब, जायला वाहन नाही. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू दोन्ही पाहून झाल्यावर २०१५ मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्रीत धावू लागला. स्टीपलचेस त्याच्या आयुष्यात आली २०१७ मध्ये, अमरीश कुमार या प्रशिक्षकांमुळे. म्हणजे वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. हे वय लक्षात ठेवा.

स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. पुरुषांसाठी अडथळा तीन फूट उंच, आणि तो हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही, पडतो तो धावणारा. असे २८ अडथळे आणि त्यांच्या जोडीला पाण्यावरच्या सात उड्या. या शर्यतीतला भारतीय विक्रम १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० वेळ देऊन तो मोडला आणि मग स्वतःचाच विक्रम मोडत राहिला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत दहावा राष्ट्रीय विक्रम आणि वीस सेकंदांची कमाई. घर बांधताना वीट वीट रचावी तशी.

त्या रात्री आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाके फुटत होते. ऑलिंपिक महिन्यावर आलं होतं, तेही पॅरिसलाच. "पदक पक्कं," माझ्या भावाने लिहिलं. त्या शर्यतीत साबळे कितवा आला, हे मात्र कुणी विचारलं नाही. तो सहावा होता. इथिओपियाचा अब्राहम सिमे आणि केनियाचा आमोस सेरेम दोघेही ८:०२.३६ मध्ये आले, सिमे केसाच्या फरकाने पुढे. साडेसात सेकंद म्हणजे साबळेच्या वेगाने पंचेचाळीस मीटरच्या वर. गणिताच्या मॅडमकडून मी हिशेब तपासून घेतला. ४०० मीटरच्या एका फेरीला साबळेला सरासरी ६५.३ सेकंद लागले, पहिल्या दोघांना ६४.३. फेरीमागे एकच सेकंद, पण तो साडेसात फेऱ्या वाचवायचा.

महिन्याभराने, ५ ऑगस्टला तो प्राथमिक फेरीत पाचवा आला आणि ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पोहोचला. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये हे करणारा तो पहिला भारतीय. ७ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत सुरुवातीला तो पुढे होता. आम्ही सगळे जागे होतो. मग एकेक जण त्याच्या बाजूने निघून गेला. ८:१४.१८, अकरावा.

"दबाव सहन झाला नाही," असं दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्याच्या दहा राष्ट्रीय विक्रमांपैकी चार मोठ्या स्पर्धांतले आहेत. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत तो अडकला, तरी विक्रम केला. भारताने दाद मागितल्यावर त्याला अंतिम फेरीत घेतलं, तिथे पुन्हा विक्रम. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, हाही विक्रमच, पण फेरी ओलांडता आली नाही. बाहेर राहिलेल्यांत सगळ्यात वेगवान तोच होता. आणि २०२२ चं बर्मिंगहॅम! राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून सलग सहा वेळा या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. तिथे साबळे ८:११.२० मध्ये दुसरा आला. केनियाचा अब्राहम किबिवोत पुढे होता ०.०५ सेकंदाने. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. असा माणूस घाबरट नसतो.

मग अडतं कुठे? डायमंड लीगसारख्या शर्यतीत सुरुवातीच्या फेऱ्यांना वेग धरून देणारे पेसमेकर असतात. ते ठरल्या गतीने ओढत नेतात आणि बाजूला होतात. बाकीच्यांनी मागे चिकटून राहायचं. अशा दिवशी ज्याचा दम मोठा, त्याची वेळ चांगली येते. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत पेसमेकर नसतो. दोन दिवस आधीची प्राथमिक फेरी पायांत असते. आणि पुष्कळदा सगळेच एकमेकांकडे बघत हळू धावतात, शेवटच्या फेरीत एकदम सुटतात. २०२२ ची ओरेगॉनची जागतिक अंतिम शर्यत ८:२५.१३ मध्ये जिंकली गेली. साबळे त्याच वर्षी याहून बरंच वेगात धावला होता, पण तिथे तो अकरावाच. कारण शर्यत संथ झाली की सगळं ठरतं शेवटच्या ४०० मीटरवर, आणि तिथला झपाटा ही साबळेची जमेची बाजू नाही. त्याचं बळ एकसारख्या वेगात आहे.

पॅरिसला रौप्य कोणाला मिळालं ठाऊक आहे? अमेरिकेच्या केनेथ रूक्सला. ऑलिंपिकआधीची त्याची सर्वोत्तम वेळ साबळेपेक्षा पाचेक सेकंद जास्तच होती. शेवटच्या फेरीला त्याने अचानक पुढे मुसंडी मारली आणि ८:०६.४१ मध्ये आला. कागदावर साबळे त्याच्या पुढे होता.

यापेक्षा मोठं उदाहरण तर त्या शर्यतीत जमिनीवर पडलेलं होतं. इथिओपियाचा लामेचा गिर्मा. ७:५२.११ हा जागतिक विक्रम त्याचा, २०२३ मध्ये पॅरिस शहरातच केलेला. त्याच्याइतकं वेगात आजवर कुणी धावलेलं नाही. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०१९, २०२२ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांत रौप्य, आणि २०२४ मध्ये शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडकून असा पडला की स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सुवर्ण पुन्हा मोरोक्कोच्या सुफियान अल-बक्कालीला, लागोपाठ दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये. जागतिक विक्रम बक्कालीच्या नावावर नाही. तो शेवटच्या पाण्याच्या उडीपर्यंत थांबतो, आणि मग थांबत नाही.

मोरोक्कोचं नाव निघालं की माझ्या पिढीला हिशाम अल-गरूज आठवतोच. १५०० मीटरचा ३:२६.०० हा त्याचा १९९८ चा विक्रम अजून उभा आहे. तो १९९६ ला अटलांटात पडला, २००० ला सिडनीत दुसरा आला. सुवर्ण मिळालं २००४ मध्ये अथेन्सला. ते मात्र एक नाही, दोन, १५०० आणि ५००० मीटरची. जगातला सर्वात वेगवान माणूस असूनही त्याला आठ वर्षं थांबावं लागलं.

आपल्याकडच्या ललिता बाबरचंही तसंच. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही तिचं गाव. २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत ९:१९.७६ हा राष्ट्रीय विक्रम, अंतिम फेरीत ९:२२.७४ आणि दहावा क्रमांक. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय धावपटू ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत उभी राहिली. तरी तेव्हा लोक विचारत होते, पदक का नाही.

आता साबळेचं पुढे काय? मे २०२५ मध्ये कोरियातल्या गुमीला त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकलं, ८:२०.९२ मध्ये. दोन महिन्यांत, ११ जुलैला, मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. गुडघ्याचा एसीएल नावाचा बंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. या खेळात प्रत्येक उडीनंतर सगळं वजन एका पायावर येतं, त्यामुळे इतर धावपटूंपेक्षा याला गुडघ्याची गरज जास्त.

२०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानमधल्या नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत. २०२३ ला हांगझोऊमध्ये साबळेने ८:१९.५० वेळ देऊन सुवर्ण घेतलं होतं, शिवाय ५००० मीटरमध्ये रौप्य. पण हांगझोऊला र्युजी मिउरा नव्हता. गंमत बघा, २०२३ च्या पॅरिस डायमंड लीगमध्ये या जपानी मुलाची वेळ होती ८:०९.९१. साबळेची आणि त्याची वेळ शंभराव्या हिश्श्यापर्यंत सारखी! आज मात्र दोघे सारखे नाहीत. साबळे पडला त्या मोनॅकोच्या शर्यतीत मिउरा ८:०३.४३ मध्ये बक्कालीच्या पाठोपाठ आला. नागोयाला मिउरा चोवीस वर्षांचा असेल आणि मैदान त्याच्या घरचं. साबळे नुकताच बत्तीस पूर्ण केलेला. माझं मत विचाराल तर, गुडघा साथ देईल तर आशियाई पदक त्याच्या आवाक्यात आहे, सुवर्ण अवघड, आणि ऑलिंपिकचं पदक त्याहून अवघड. अशक्य म्हणणार नाही. केनियाच्या इझेकिएल केम्बोईने २०१५ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी जागतिक सुवर्ण घेतलं होतं. पण त्याच्याकडे शेवटच्या फेरीचा झपाटा होता.

हे सगळं ऐकून त्या अब्बूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मतलब, नहीं बनेगी?"

मी म्हटलं, भाईसाहब, असं मी कुठे म्हटलं? तुमच्या मुलीच्या पुढे त्या दिवशी बारावीची एक मुलगी धावत होती, तिने हिला ओढत नेलं. वेळ खरी आहे, खोटी नाही. पण ती एका दिवसाची आहे. साबळेने स्टीपलचेसची पहिली उडी मारली तेव्हा त्याची बारावी झालेली होती, नोकरी हातात होती आणि वय बावीसच्या पुढे. तुमची चौदाची आहे. रिक्षा आत्ताच गहाण टाकू नका.

जिल्ह्याच्या फेरीला आम्ही बालेवाडीला गेलो. सिंथेटिक ट्रॅक तिने पहिल्यांदाच पाहिला, हात लावून बघितला. शर्यत संथ सुटली, ही आतल्या बाजूला चार मुलींत कोंडली गेली आणि सहावी आली. येताना चांदणी चौकापर्यंत रिक्षात कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "मिस, मी बाहेरच्या बाजूने धावले असते तर अंतर जास्त पडलं असतं ना? मग कोणतं बरं?"

मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ते खेळाच्या सरांना विचारलं.

अकादमीला नको म्हणून कळवलं आहे. पुढच्या वर्षी दहावी. मात्र सकाळी साडेपाचला एनडीए रस्त्याला ती धावते, मागून अब्बू पहिल्या गिअरमध्ये रिक्षा घेऊन येतात, दिवा लावून. तिला पुढचं दिसावं म्हणून, असं ते म्हणतात. पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत जातात, तिथून ती शाळेची तयारी करायला घरी आणि ते धंद्याला.