घरच्या कासवाचें ताट

नांदेडच्या आमच्या जुन्या वाड्यांत एक आड होता आणि त्या आडांत एक कासव होतें. तें कोणी सोडलें, केव्हां सोडलें, हें घरांत कोणालाच सांगतां येत नसे. पाणी स्वच्छ राहावें म्हणून आडांत कासव सोडण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं होती. आम्ही मुलें दुपारच्या वेळीं काठावरून पोळीचे तुकडे टाकूं लागलों कीं, आजी माजघरांतून ओरडे, "अरे, पाणी नासेल! त्याचें तें पाहून घेईल." आजीला काळजी पाण्याची होती, कासवाची नव्हे, परंतु तिच्या त्या धाकानेंच कासव सुखी राहिलें, हें मला फार उशिरा कळलें.

आडांतलें कासव बेडकांचीं पिलें, गोगलगायी, पाण्यांतले किडे, मेलेला जीव, शेवाळ, जें मिळेल तें खातें. आज एक, उद्यां दुसरें. आणि एखादे दिवशीं कांहींच नाहीं. आपल्या नद्यांतून व तळ्यांतून आढळणारें, मागच्या पायांवर कातडी झडपा असलेलें चपटें कासव तर पाणी आटलें कीं चिखलांत पुरून घेऊन कित्येक महिने निराहार पडून राहतें. सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, त्या उन्हाळ्यांत किती आडांच्या तळाशीं असे उपाशी जीव पडून असतील, कोण जाणे! सांगायचें इतकेंच कीं, उपास ह्या प्राण्याला सोसतो. भलतें अन्न सोसत नाहीं.

ह्याचा प्रत्यय मला लातुरास माझ्या बहिणीच्या घरीं आला. तिच्या नातवानें हट्ट करून कांचेच्या पेटींत एक लहानसें कासव आणविलें होतें. डोळ्यांमागें तांबडा पट्टा असलेलें हें कासव मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. परंतु आतां आपल्या शहरांतल्या दुकानांतूनही तें विकावयास असतें. घर पंधरा माणसांचें. येणारा-जाणारा पेटीशीं थांबून मायेनें कांहीं तरी टाकी: कोणी भात, कोणी चुरमुरे, कोणी काकडीची चकती. वर्ष-दीड वर्षांत त्याचे डोळे सुजून मिटले, आणि पाठीवर बोट टेकवावें तर कवच दबूं लागलें. नातू रात्रंदिवस पेटीपाशीं बसून असे. पशुवैद्यांनीं पाहून सांगितलें, "हें उपासमारीनें आजारी आहे." पंधरा जणांनीं भरविलेलें कासव उपाशी! बहिणीला तें ऐकवेना.

पोळीभातानें पोट भरतें. परंतु कवच हाडांचेंच बनलेलें असल्यामुळें त्याला चुना लागतो, आणि तो चुना अंगीं लागण्यास ऊन लागतें. तेंही कांचेतून आलेलें नव्हे. कारण कांच त्यांतले उपयोगी अतिनील किरण अडविते. डोळे सुजले होते ते 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं.

आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. ह्या जातीचीं पिलें बहुतांशीं मांसाहारी असतात. वय वाढतें तसा हिरव्या पाल्याकडे त्यांचा ओढा वाढतो. पशुवैद्यांनीं गांडुळें, गोगलगायी आणि लहान मासे कांट्यांसकट द्यावयास सांगितले. ज्या घरांत अंड्याचें नांव निघत नाहीं तेथें मासे आणावयाचे कसे? दोन दिवस घरांत ह्यावरून धुमसत होतें. शेवटीं बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "मांजर उंदीर खातें म्हणून आपण त्याला कधीं घराबाहेर काढलें का? आणलेंत ना घरीं? मग त्याचें त्याला द्या." गच्चीवर एक निराळें घमेलें ठेवण्यांत आलें. हें कासव पाण्यांतच गिळूं शकतें, कोरड्या जागीं नाहीं. म्हणून त्या घमेल्यांत पाणी भरून तेथेंच त्याचें जेवण होऊं लागलें. गांडुळें जास्वंदीच्या ओल्या मातींत घरचींच निघालीं. मासे आणण्याचें काम नातवानें पत्करलें.

पाल्याच्या बाबतींत मात्र आपलें स्वयंपाकघर श्रीमंत आहे. शेवग्याचा पाला चुन्यानें समृद्ध आहे. मेथी, जास्वंदीचीं पानें व फुलें, किसलेलें गाजर, लाल भोपळा हीं आलटून पालटून द्यावीं. पालक आणि अळू हे टाळावे, कारण त्यांतील अम्ल चुना अंगीं लागूं देत नाहीं. काष्ठौषधींच्या दुकानांत समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पाण्यांत टाकून ठेवला कीं कासव आपल्या गरजेप्रमाणें तो कुरतडतें. एका वेळीं त्याच्या डोक्याएवढाच घास पुरे. पिलाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. आमच्या घरांतल्या आग्रहाच्या वाढपास हें प्रमाण फारच जाचलें.

आपल्या भाषेंत पाण्यांतल्या आणि जमिनीवरच्या, दोहोंनाही 'कासव' हाच एक शब्द आहे, आणि त्यामुळें मोठा घोटाळा होतो. जमिनीवरचें कासव गवत, पाला, फुलें, निवडुंगाचे फडे ह्यांवर जगतें. त्याला डाळ, दूध, अंडें किंवा गोड फळें चारलीं तर पोट बिघडतें, कवच वेडेंवांकडें वाढतें. परंतु हें नुसतें माहितीसाठीं. कारण पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें स्टार कासव काय, आपल्या नदीतलें कासव काय, एकही देशी कासव घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. घरांत लक्ष्मी येते ह्या समजुतीनें लोक स्टार कासव आणतात; त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास २०१९ पासून मनाई आहे. असें कासव घरीं असेल तर तें वन खात्याच्या स्वाधीन करावें. देवळांत गाभाऱ्यासमोर फरशींत कोरलेलें कासव असतें, तेवढें दर्शनास पुरेसें आहे.

आणखी दोन गोष्टी. परदेशी कासवाचा कंटाळा आला म्हणून तें गोदावरींत किंवा मांजरेंत सोडूं नये. तें तेथें रुजतें आणि देशी कासवांचें अन्न व उन्हाची जागा बळकावतें. दुसरें, कासवाच्या अंगावर पोटाचे विकार करणारे जंतु असतात. अमेरिकेंत ह्याच कारणास्तव चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस १९७५ सालींच बंदी झाली. हात साबणानें धुवावे, आणि त्याची पेटी स्वयंपाकघराच्या मोरींत कदापि धुऊं नये. आजार दिसला तर घरगुती उपचारांत दिवस घालवूं नयेत. लातूर जिल्ह्यांत उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयच आहे.

बहिणीचें कासव वांचलें. औषध सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांनीं डोळे उघडले, कवच टणक झालें. पाठीवरचा खोलगटपणा मात्र तसाच राहिला. गेल्या दिवाळींत गेलों तेव्हां तें फराळाच्या ताटाएवढें झालें होतें, आणि सासूबाई गच्चीवर बसून शेवग्याचीं पानें खुडीत होत्या. मीं चकलीचा एक तुकडा पुढें केला, तर त्यांनीं माझा हात धरला.