आळंदीला मुक्काम करायचाय? मग खोलीचं आधी बघा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, तुळशीचं लग्न लागलं, की भजनी मंडळांतून आळंदीची बोलणी सुरू होतात. कार्तिक वद्य अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीचं पूजन होऊन यात्रा सुरू होते. मग एकादशी, द्वादशीचा रथ आणि त्रयोदशीला माउलींचा संजीवन समाधी सोहळा. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती याच तिथीला. घरातली पुरुषमंडळी मात्र हमखास म्हणतात, "पुण्यापासून पंचवीस किलोमीटर तर आहे! सकाळी जा, संध्याकाळी या. मुक्काम हवाय कशाला?"

मुक्काम हवा, कारण एकादशीची दर्शनाची रांग तासन्‌तास हलत नाही, कीर्तनं रात्री रंगतात आणि समाधीचा सोहळा भर दुपारी असतो. दुसरं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही. दोन रात्री उद्याच्या डब्याची भाजी निवडायची नसते! सासूबाईंना बरोबर न्यायचं असेल, तर त्यांच्या गुडघ्यांसाठी तरी पाठ टेकायला हक्काची जागा हवीच.

खोली सांगताना तिथी आणि तारीख दोन्ही सांगा. कार्तिकी एकादशी म्हटलं की समोरच्याच्या मनात पंढरपूरची शुद्ध एकादशी येते. आळंदीची ती वद्य, पंधरा दिवसांनंतरची. शेजारीण उत्तरेकडची असेल तर तिच्या पंचांगात तीच एकादशी मार्गशीर्षात सापडेल, कारण तिकडे महिना पौर्णिमेला बदलतो. एवढ्याशा घोळावरून बारा बायकांचं आगाऊ दिलेलं पैशाचं पाकीट अडकून पडू शकतं.

राहायला धर्मशाळा, मठ, लॉज आणि यात्रेपुरत्या खोल्या देणारी घरं, असं सगळं मिळतं. शिवाय मंगल कार्यालयं. आळंदी लग्नांचंही गाव आहे, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात ते नेमके याच दिवसांत. तेव्हा कार्यालयातली खोली घेताना खालच्या हॉलमध्ये त्या दिवशी लग्न आहे का, हे विचारायला लाजू नका. पहाटे काकड्याला उठायचं आणि रात्री एकपर्यंत बॅंड ऐकायचा, हे काही जमायचं नाही. वऱ्हाड आलं की पाण्याची टाकीही तेच रिकामी करतं.

धर्मशाळेत भाडं नसतं, देणगी असते. शब्द गोड आहे, पण आकडा आधीच ठरवून घ्यावा. माणशी की खोलीमागे? गाद्या धरून की वेगळ्या? पावती घ्या, आणि पैसे फोनवरून पाठवले असतील तरी ज्यांनी 'खोली ठेवतो' म्हटलं त्यांचं नाव लिहून ठेवा. यात्रेच्या गर्दीत व्यवस्थापक बदललेला असतो आणि नव्याला काहीच माहीत नसतं. सगळ्याजणींची आधारकार्डंही एका पिशवीत असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे विचारायला बायका संकोचतात ते संडासाचं. आत आहे की व्हरांड्याच्या टोकाला? किती खोल्यांना मिळून एक? कमोड आहे का? रात्री दिवा असतो का, पाणी असतं का? मी एका जागी राहिले होते तिथे रात्री दहानंतर मागच्या दाराला कुलूप लागायचं आणि संडास त्या दारापलीकडे! आम्ही संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडलं. पंचाहत्तरीच्या बाईनं असं केलं तर यात्रा दवाखान्यात संपायची. म्हातारं माणूस असेल तर वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली नको. चार पैसे जास्त गेले तरी तळमजलाच घ्या.

"देऊळ पाच मिनिटांवर आहे" या वाक्यावर भरवसा ठेवू नये. ती पाच मिनिटं कुणाच्या पायांची? नदीच्या कोणत्या तीरावर जागा आहे ते विचारा, कारण पूल ओलांडायलाच गर्दीत अर्धा तास मोडतो. यात्रेत गाड्या गावाबाहेर थांबवतात, म्हणून सामान प्रत्येकीला आपलं आपल्याला उचलता येईल एवढंच. सासूबाईंना मोठ्या रांगेत उभं करण्याऐवजी मुखदर्शनाला न्यावं. माउली काही रागवायच्या नाहीत.

इंद्रायणीचं सांगताना जीव कळवळतो. पिंपरी-चिंचवड, चाकणकडचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन येऊन पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, ऐन कार्तिकीतसुद्धा तो दिसलेला आहे. नदीला हात जोडावेत. तोंडात तीर्थ म्हणून ते पाणी घेऊ नये, घरी बाटली भरून तर नकोच नको. पिण्याचं पाणी उकळून नेलेलं किंवा सीलबंद असावं. खोलीत गरम पाणी किती वाजता मिळतं, तेही विचारून ठेवा.

आणि परतीचं. त्रयोदशीला समाधीचा सोहळा आटोपला की सगळं गाव एकदम एसटीकडे आणि पीएमपीकडे धावतं. खोली त्या रात्रीचीही घ्या, निवांत झोपा, आणि चतुर्दशीच्या सकाळी पहिल्या गाड्यांनी निघा. घरी तसं फोन करून आधीच कळवा, म्हणजे त्या रात्रीचा कुकर दुसरं कुणीतरी लावेल.