दाढी, बिअर, कुऱ्हाड... बस्स एवढंच?

फँटसी गेममधला ड्वॉर्फ म्हणजे टेबलवरचा विनोदी काका, असं आपण ठरवूनच टाकलंय. पण या बुटक्या गड्याकडे नीट बघितलं, तर तो अख्ख्या गेमचा हीरो होऊ शकतो!

एक छोटीशी टेस्ट घेऊ या. डोळे मिटा आणि एक ड्वॉर्फ डोळ्यांसमोर आणा. काय दिसलं? पोटापर्यंत रुळणारी दाढी, एका हातात बिअरचा मग, दुसऱ्या हातात कुऱ्हाड आणि तोंडात स्कॉटिश अ‍ॅक्सेंट. बरोबर ना? टेन्शन घेऊ नका. कुठल्याही गेमिंग टेबलवर जा, बहुतेक वेळा हाच गडी भेटतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच दोस्त टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्टीचं जग उभं करतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स, लाडाने डी अँड डी, हा यातला आद्य गेम. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन मंडळींनी तो १९७४ साली आणला. आमचा पुण्यातला पाच जणांचा ग्रुप दर दुसऱ्या शनिवारी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये हेच करतो. दोघं आयटीवाले, एक आर्किटेक्ट, एक सीए आणि मी. सोबत वडापाव आणि चहाचे कप.

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, सोपा म्हणून पटकन निवडला जाणारा आणि तितक्याच पटकन वाया जाणारा कोण असेल, तर तो ड्वॉर्फ. एल्फ निवडणारा निदान दोन मिनिटं विचार करतो. ड्वॉर्फ निवडणारा थेट आवाज जाड करतो आणि बिअर मागवतो.

एकाच वर्षी दोन बारशी

आपली ड्वॉर्फशी पहिली ओळख ‘हिमगौरी आणि सात बुटके’ वाचताना झाली. म्हातारे, गोड, जरा खुळे. डिस्नेचा तो गाजलेला सिनेमा डिसेंबर १९३७ मध्ये पडद्यावर आला. गंमत म्हणजे त्याच वर्षी, तीनच महिने आधी, इंग्लंडमध्ये जे. आर. आर. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं होतं. त्यातही ड्वॉर्फ होते, तेरा. पण त्यांची जातकुळी वेगळी होती.

टॉल्किनने त्यांची बहुतेक नावं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातून घेतली. त्या काव्यात ड्वॉर्फच्या नावांची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत ‘गँडाल्फ’सुद्धा आहे! म्हणजे आपला लाडका जादूगार मुळात नावाने ड्वॉर्फ. नॉर्स पुराणातले हे लोक कारागीर होते. थॉरचा हातोडा त्यांनी घडवला, ओडिनचा भालासुद्धा. देवांना जे जमत नव्हतं ते यांना जमत होतं. त्यांच्या उंचीवर त्या कथांचा फारसा भर नाही, भर आहे तो हातातल्या कसबावर.

टॉल्किनने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे गमावलेलं घर. मोरिया गेलं, मग ड्रॅगनने एरेबोर घेतलं. राजघराण्यातला थोरीन आणि त्याचे लोक गावोगाव लोहारकाम करत, वेळ पडली तर कोळसा खणत पोट भरतात. त्यांची स्वतःची भाषा आहे, ती ते परक्यांना शिकवत नाहीत. त्यांची खरी नावं तर इतकी गुप्त की थडग्यावरही कोरत नाहीत. आता सांगा, या माणसांच्या कथेत बिअरचा मग हा काय मेन पॉइंट आहे का?

इथे एक नाजूक मुद्दाही आहे. ड्वॉर्फ लिहिताना आपल्याला ज्यू समाजाची आठवण होते, असं टॉल्किनने १९५५च्या एका पत्रात स्वतःच लिहिलं होतं. जिथे राहायचं तिथलेच असायचं आणि तरी परकं असायचं, चारचौघांत तिथली भाषा बोलायची आणि आपली भाषा घरात जपायची. ड्वॉर्फची भाषा त्याने मुद्दाम हिब्रूसारख्या सेमिटिक भाषांच्या वळणावर बेतली. इथपर्यंत हे सहानुभूतीचं वाटतं. पण याच लोकांना सोन्याचा हव्यासही चिकटवला, की युरोपात ज्यूंविरुद्ध शतकानुशतकं वापरलेलं एक जुनं, विखारी चित्र त्यामागून डोकावायला लागतं. टेबलवर बसून ‘माझा ड्वॉर्फ लोभी आहे, हा हा’ म्हणण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

अ‍ॅक्सेंटची भानगड

स्कॉटिश अ‍ॅक्सेंट आला कुठून? नॉर्स पुराणात स्कॉटलंड नाही, टॉल्किनकडेही नाही. पॉल अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीत ह्यूगी नावाचा ड्वॉर्फ स्कॉट्स बोलीत बोलतो. कादंबरी १९६१ची आणि गायगॅक्सच्या आवडत्या पुस्तकांच्या यादीतली. पुढे २००१ साली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला सिनेमा आला. त्यातला गिम्ली साकारला जॉन ऱ्हिस-डेव्हिस या वेल्श अभिनेत्याने, आणि तोही स्कॉटिश ढंगात! झालं, शिक्कामोर्तब.

आपण म्हणू, त्यात काय एवढं, मजा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या टेबलवर खेळ चालतो मराठीत. ‘मी दार ढकलतो’, ‘फासा टाक’, ‘अरे, तो ऑर्क मागून येतोय!’ मग ड्वॉर्फला अ‍ॅक्सेंट कुठला द्यायचा? आमच्यातल्या एका आयटीवाल्याने डोकं लढवलं आणि त्याचा ड्वॉर्फ वऱ्हाडी बोलायला लागला. ‘काऊन बे, का करून राह्यला?’ म्हणत तो कुऱ्हाड फिरवायचा, पिऊन टेबलाखाली पडायचा. आम्ही हसून हसून लोळलो. सीए मैत्रीणही हसली. ती अकोल्याची.

तिसऱ्या सेशनला मात्र ती हसेना. फासे बाजूला ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “माझे आजोबा याच बोलीत कापसाचे हिशेब करायचे. याच बोलीत कोर्टात उभे राहायचे. तुझ्या ड्वॉर्फला ती फक्त प्यायल्यावर आणि मारामारीत सुचते.”

टेबलवर एकदम सन्नाटा. भांडण नाही झालं. आयटीवाला म्हणाला, “पॉइंट आहे.” मग तिने विचारलं, पुढच्या कॅम्पेनमध्ये ड्वॉर्फ मी घेऊ का?

रूलबुकमध्ये दडलेला खजिना

तिने काय केलं ते सांगते, पण आधी जरा रूलबुक. कारण गंमत अशी की ड्वॉर्फची संस्कृती नियमांतच लिहिलेली आहे, आपण फक्त पानं उलटून पुढे जातो.

सुरुवातीला गेमनेच या बिचाऱ्याला बांधून ठेवलं होतं. १९७४च्या नियमांत ड्वॉर्फने फक्त योद्धा व्हायचं आणि तेही सहाव्या लेव्हलपर्यंतच. १९८१च्या बेसिक सेटमध्ये तर ‘ड्वॉर्फ’ हाच क्लास. माणूस चोर होऊ शकतो, पुजारी होऊ शकतो, ड्वॉर्फ मात्र ड्वॉर्फच! २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे साखळदंड तोडले आणि ड्वॉर्फ जादूगारही व्हायला लागले. २०२४च्या प्लेयर्स हँडबुकने ‘रेस’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ केला आणि ताकद, बुद्धी वगैरेंचे बोनस जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्यावर नेले. म्हणजे तुमचा ड्वॉर्फ कसा आहे, हे तो काय करत मोठा झाला यावर ठरणार.

पण मला सर्वांत भारी वाटते ती २०१४च्या हँडबुकमधली एक छोटीशी नोंद. ड्वॉर्फचं नाव त्याच्या मालकीचं नसतं, ते कुळाचं असतं. पिढ्यानपिढ्या तीच नावं फिरत राहतात. कुणी त्या नावाला बट्टा लावला, तर ते काढून घेतलं जातं आणि दुसरं कुठलंही ड्वॉर्फ नाव लावायला त्याला कायद्याने बंदी असते. विचार करा, आधार कार्ड, पॅन कार्ड, आडनाव, सगळं एका दिवसात गेलं!

इतर सेटिंग्जमध्येही असा माल खच्चून भरलाय. १९९१च्या ‘डार्क सन’मध्ये ड्वॉर्फला दाढीच काय, डोक्यावर केससुद्धा नाहीत. त्यांच्याकडे असतो ‘फोकस’, म्हणजे आयुष्यात हाती घेतलेलं एक काम. ते अर्धवट टाकून मेला तर त्याचं भूत होतं. २००४च्या ‘एबेरॉन’मध्ये ड्वॉर्फचं एक घराणं बँका आणि तिजोऱ्या चालवतं. ‘वॉरहॅमर’च्या जगात ड्वॉर्फ अन्यायांची नोंदवही ठेवतात आणि हिशेब चुकता झाल्याशिवाय नोंद खोडत नाहीत. तिथे ज्याच्या हातून लाजिरवाणी गोष्ट घडते तो केसांचा भगवा तुरा करून मरण शोधत हिंडतो.

आणि बायका? टॉल्किनने लिहून ठेवलंय की ड्वॉर्फ बायका एकूण संख्येच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि दिसायला-बोलायला पुरुषांसारख्याच, परक्याला फरक कळत नाही. टेरी प्रॅचेटने १९९६च्या ‘फीट ऑफ क्ले’मध्ये हाच धागा पकडून एक धमाल आणि तितकीच हळवी ड्वॉर्फ उभी केली. चीअरी तिचं नाव. आपण बाई आहोत हे उघडपणे दाखवायचं ठरवते आणि तिच्या समाजात खळबळ उडते. बाईसाहेब दाढी मात्र ठेवतात!

दोनशे दहा वर्षांची गॅरंटी

आता आमची सीए. तिची ड्वॉर्फ गवंडी होती, वय १९० वर्षं. (ड्वॉर्फ साधारण साडेतीनशे वर्षं जगतात, त्यामुळे ही ऐन उमेदीतली.) नाव काढून घेतलेली. किल्ल्याच्या दारावर पहारेकऱ्याने नाव विचारलं की ती गप्प बसायची आणि आमच्यापैकी कुणीतरी पुढे होऊन तिची हमी द्यायची. पहिल्यांदा आम्हाला ते कळायलाच दोन मिनिटं लागली. ती वऱ्हाडीतच बोलायची, पण मोजून. हिशेबाचं, दगडाचं, दिलेल्या शब्दाचं बोलायची.

एकदा आम्ही गोब्लिनच्या टोळीमागे धावत होतो. वाटेत एक दगडी पूल लागला. ती थांबली, कमानीवर हात ठेवला. ड्वॉर्फला दगडाची उपजत जाण असते, गेममध्ये त्याला ‘स्टोनकनिंग’ म्हणतात. डीएमने सांगितलं, कमानीतला मधला दगड सरकतोय. आणि पुलावर खूण आहे तिच्याच कुळाची. दोनशे दहा वर्षांपूर्वी तिच्या बापाने बांधलेला पूल, तीनशे वर्षांच्या गॅरंटीवर.

गावकऱ्यांना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मधे सात-आठ पिढ्या उलटून गेल्या होत्या. तिच्यासाठी मात्र ती बापाची थकबाकी होती. ती म्हणाली, “मी इथं थांबतो म्हणजे थांबतो नाही, थांबतेच. तुम्ही व्हा पुढं.”

टेबलवर जी जुंपली! आर्किटेक्ट म्हणाला, गोब्लिन पुढच्या गावाला आग लावतील. ती म्हणाली, पूल पडला तर याच गावातली पोरं मरतील, आणि ते माझ्या नावावर. डीएमने विचारलं, “पण तुझं नाव तर काढून घेतलंय ना?” ती क्षणभर थांबली. “नाव त्यायनं नेलं. कर्ज माझ्याकडंच आहे.”

शेवटी आम्ही सगळ्यांनी दोन सेशन्स दगड वाहिले. गोब्लिन गेले तेल लावत. पुढचं गाव अर्धं जळालं आणि त्याचं ओझंही आम्हाला कॅम्पेनभर वाहावं लागलं. एकाही सेकंदाला कुणी बिअर मागवली नाही, आणि इतका ड्वॉर्फ ड्वॉर्फ मी आजवर पाहिला नव्हता.

मला वाटतं, फंडा एवढाच आहे. दाढी हा मेकअप झाला, अ‍ॅक्सेंट हा आवाज झाला. संस्कृती दिसते ती माणूस कशासाठी अडून बसतो त्यात. हे ज्याला सापडलं, त्याच्या ड्वॉर्फने नंतर खुशाल बिअर प्यावी, तीही खरी वाटते.

तुमचा ड्वॉर्फ असा घडवा!

• कर्ज ठरवा : तो कुणाचं काय देणं लागतो? पैसा, शब्द, माफी, काहीही चालेल. पण एक हवंच.

• वयाचा वापर करा : साडेतीनशे वर्षं जगणाऱ्याला ‘जुनी गोष्ट’ म्हणजे काय? राजाचा पणजोबा त्याने पाहिलेला असू शकतो.

• हाताला काम द्या : गवंडी, लोहार, दारू गाळणारा, नकाशे काढणारा. खोलीत शिरताच त्याची नजर आधी कशावर जाते?

• नावाला वजन द्या : त्याचं नाव आधी कुणाचं होतं? त्या माणसाने काय केलं होतं?

• बोली द्यायची तर पूर्ण द्या : ज्या बोलीत तो शिव्या देतो, त्याच बोलीत त्याने शोकही करावा, सौदाही करावा आणि शहाणपणाही सांगावा.

• उंचीवरचे जोक टाळा : गेममधला ड्वॉर्फ काल्पनिक आहे, बुटकेपणावरून आयुष्यभर टोमणे ऐकणारी माणसं मात्र खरी आहेत. कदाचित तुमच्याच टेबलवर बसलेली.