पुनरुक्ती आणि अनुवाद : ब्लेड सर्व्हरांच्या दुहेरी वीजपुरवठ्याविषयी

भारतीय शास्त्रपरंपरेत पुनरुक्तीकडे सामान्यतः दोष म्हणूनच पाहिले गेले आहे. भरताने नाट्यशास्त्रात जे दहा काव्यदोष सांगितले त्यांत ‘एकार्थ’ हा एक आहे. एकच अर्थ अनेक शब्दांनी निष्कारण सांगणे असा त्याचा आशय. न्यायसूत्रांत पुनरुक्त हे वादातील पराभवाचे एक स्थान मानले आहे. मात्र तेथेच गौतमाने एक महत्त्वाचा अपवाद केला आहे, तो अनुवादाचा. प्रयोजन असलेले पुनर्वचन म्हणजे अनुवाद, आणि तो दोष नव्हे. आज भाषांतराच्या अर्थाने रूढ झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनीही पुष्कळदा नजरेआड केलेला असतो. संगणकाच्या क्षेत्रात ज्याला ‘रिडंडंट’ वीजपुरवठा म्हणतात, त्याचे वर्णन करण्यास हा जुना भेद फार उपयोगी पडतो. इंग्रजी शब्दातून ‘अनावश्यक’ असा ध्वनी निघतो. वस्तुतः तेथे जे असते ते सप्रयोजन पुनर्वचन असते.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकाला अगदीच परका राहिलेला नाही. हस्तलिखितांच्या प्रतिमा, नियतकालिकांचे जुने अंक, कोश, ध्वनिमुद्रिते ही सारी सामग्री आता सर्व्हरांवर ठेवली जाते. ग्रंथालयाच्या इमारतीत कोठेतरी एका थंड खोलीत ही यंत्रे चालू असतात, आणि त्या खोलीतील विजेची जोडणी कशी झाली आहे यावर अभ्यासकाला सकाळी पोथी पाहावयास मिळते की नाही हे अवलंबून असते. अशी यंत्रे विकत घेताना निविदांच्या कागदांवर भाषाविभागाच्या प्रमुखालाही सही करावी लागते. सही करणाऱ्याला निदान प्रश्न कोणते विचारावेत एवढे ठाऊक असणे इष्ट आहे.

ब्लेड सर्व्हर हा प्रकार २००१ च्या सुमारास बाजारात आला. नेहमीच्या सर्व्हरात प्रत्येक यंत्राचा स्वतःचा वीजसंच, स्वतःचे पंखे व स्वतःच्या तारा असतात. ब्लेडच्या रचनेत हे सर्व काढून एका सामाईक पेटीत घातले जाते आणि सर्व्हर केवळ पातळ पात्याच्या रूपाने त्या पेटीत सरकवला जातो. २००६ मध्ये आलेली एच. पी. कंपनीची सी-७००० ही पेटी उदाहरणादाखल घेता येईल. तिची उंची सुमारे ४४ सेंटिमीटर. तीत अर्ध्या उंचीची १६ पाती बसतात, आणि त्या सर्वांना मिळून सहा वीजसंच असतात. काटकसर मोठी होते, पण धोकाही सामाईक होतो. चुलीवर सोळा जणांचा स्वयंपाक एकत्र होऊ लागला की चूल विझण्याचा अर्थ बदलतो.

या सहा संचांचे काम बाहेरून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिची १२ व्होल्टची एकदिश वीज करणे हे होय. सुरुवातीच्या संचांची क्षमता प्रत्येकी २२५० वॅट होती. सर्व संच आपली वीज एकाच सामाईक पट्टीवर ओततात आणि भार आपसांत वाटून घेतात. ६००० वॅटचा भार १२ व्होल्टवर वाहून न्यावयाचा म्हणजे ५०० अँपिअरचा प्रवाह झाला. त्या पट्टीच्या जाडीचे कारण यात आहे.

आता मुख्य प्रश्न येतो तो असा की, सहांपैकी किती संच कामाचे धरावयाचे आणि किती राखीव? येथे दोन पद्धती आहेत व खरेदीच्या वेळी त्यांची गल्लत सर्रास होते. पहिलीत एकच संच राखीव धरतात. पाच संचांची ११,२५० वॅट क्षमता वापरावयास मिळते आणि एखादा संच जळाला तरी बाकीचे पाच भार पेलतात. दुसरीत निम्मे संच राखीव असतात. तीन संच एका वीजवाहिनीवर, तीन दुसऱ्या स्वतंत्र वाहिनीवर. वापरण्यास मिळणारी क्षमता फक्त ६७५० वॅट, पण एक संपूर्ण वाहिनी गेली तरी पेटी चालू राहते. पहिली पद्धत यंत्राच्या बिघाडापासून रक्षण करते, दुसरी पुरवठ्याच्या बिघाडापासूनही. पहिली पद्धत निवडून तारा मात्र दुसऱ्या पद्धतीप्रमाणे तीन-तीन अशा जोडल्या, तर दोन वाहिन्या पाहून सर्वांचे समाधान होते, आणि ८००० वॅटचा भार चालू असताना एक वाहिनी गेली की उरलेल्या तीन संचांना तो पेलत नाही. पाती बंद पडतात. सही केलेल्या कागदावर ‘दुहेरी पुरवठा’ असे शब्द मात्र शाबूत असतात.

पण तेथेही गोष्ट संपत नाही. उलट खरी गुंतागुंत पेटीच्या बाहेर आहे, आणि ती समजून घेण्यास दिल्लीतील पहाडगंजासारखी दुसरी जागा नाही. मराठी वाचकाला ही वस्ती नूतन मराठी विद्यालय व बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे परिचित आहे. नवी दिल्ली स्थानकासमोरील मेन बझारात वरच्या बाजूस पाहिले तर तारांची जाळी आकाश झाकून टाकते. लहानमोठी हॉटेले एकमेकांना चिकटून उभी. प्रत्येकात इन्व्हर्टर, कित्येकांत जनित्र. म्हणजे वरकरणी प्रत्येकापाशी दोन-तीन पुरवठे आहेत. परंतु दोन वेगळ्या मीटरांना येणाऱ्या तारा एकाच खांबावरून उतरल्या असतील, तर त्या दोन वाहिन्या नव्हेत. ती नुसती पुनरुक्ती झाली. दिल्ली विद्युत मंडळाचे विभाजन होऊन २००२ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांकडे गेले. तरी कोणत्याही भागात दोन जोडण्या मागितल्या म्हणून त्या दोन उपकेंद्रांतून येतील असे गृहीत धरता येत नाही. हे विचारून, लेखी घ्यावे लागते. जनित्रांच्या बाबतीत राजधानी क्षेत्रात आणखी एक अडचण आहे. हवेच्या प्रदूषणामुळे डिझेल जनित्रांवर निर्बंध आहेत आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ते अधिक कडक झाले. ज्या जनित्राच्या भरवशावर दुसरी वाहिनी आखली ते ऐन हिवाळ्यात चालविता येईल काय, हा प्रश्न आराखड्यातच सोडवावा लागतो.

रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्लीतच प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले, आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथील पाचही केंद्रे १९९९ मध्ये परस्परांना जोडली गेली. पहाडगंजच्या हॉटेलांचे जीवन त्या तिकिटांवर चालते. ज्या व्यवस्थेवर इतके जण विसंबून असतात तिच्या पायाशी वीज असते, हे २०१२ च्या जुलैत सर्वांना दिसले. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाल कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य ही तीनही जाली एकदम गेली. सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार नाहीसा झाला. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, दिल्लीची मेट्रो थांबली.

त्या घटनेची चौकशी झाली आणि तिचा निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट संबंध ठेवतो. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या त्या वेळी निरनिराळ्या कारणांनी बंद होत्या. बीना-ग्वाल्हेर या टप्प्यावर ४०० किलोव्होल्टची जोडवाहिनी अधिक उच्च दाबावर नेण्याच्या नियोजित कामासाठी बाहेर होती. उरलेल्या एकीवर प्रमाणाबाहेर भार आला. तारेत दोष कोठेच झाला नव्हता. रक्षकयंत्राने अतिभारालाच दोष मानले आणि वाहिनी तोडली. तिचा भार इतरांवर गेला, त्या तुटल्या. राखीव म्हणून असलेली क्षमता शांतपणे नित्याच्या वापरात आली होती, हे या प्रकरणाचे मर्म.

नेमके हेच सर्व्हरांच्या खोलीत लहान प्रमाणावर घडते. समजा दोन्ही वाहिन्यांवर प्रत्येकी १० किलोवॅटचा यूपीएस आहे. प्रारंभी प्रत्येकावर ४ किलोवॅट भार असतो. एक गेला तर दुसऱ्यावर ८ येतात, काही बिघडत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांत नवीन पाती येतात आणि भार प्रत्येकी ७ वर जातो. निर्देशक दिवे हिरवेच असतात, कारण ७० टक्के हा आकडा कोणालाही सुरक्षितच वाटतो. ज्या दिवशी एक यूपीएस जातो त्या दिवशी दुसऱ्यावर १४ किलोवॅट येऊन पडतात व तोही जातो. म्हणून दुहेरी व्यवस्थेत प्रत्येक बाजूचा भार निम्म्याच्या आत ठेवणे हा नियम आहे. लेखापरीक्षकाला ही उधळपट्टी वाटते, आणि त्याच्या शास्त्राप्रमाणे त्याचे खोटेही नाही. ‘एकार्थ’ दोष काढणाऱ्या टीकाकाराची भूमिका तो बजावीत असतो.

वैदिक पाठपरंपरेत पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी एकाच मंत्राची अनेक रूपे पाठ करीत, त्यामागील प्रयोजन हेच होते. महानुभाव परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला. मात्र येथे एक भेद विसरू नये. दुहेरी वीजपुरवठ्याने ग्रंथ जपला जात नाही, तो फक्त उघडा राहतो. ग्रंथ जपण्यास दुसऱ्या गावी दुसरी प्रत लागते, आणि ती या लेखाच्या कक्षेबाहेरची गोष्ट आहे.

प्रत्यक्ष उभारणीत आणखी दोन गोष्टी राहून जातात. पहिली शीतनाची. पेटीतील पंख्यांना यूपीएसची वीज मिळते, पण खोलीच्या वातानुकूलन यंत्रास बहुधा मिळत नाही. दाटीने बसविलेल्या पात्यांची उष्णता काही मिनिटांतच खोली तापविते. दुसरी फेजची. तीन फेजच्या पुरवठ्यात एका बाजूचे तीन संच तीन निरनिराळ्या फेजांवर टाकावेत, नाहीतर एकाच फेजवर सारा बोजा पडतो. हे सर्व झाल्यावर पेटीच्या नियंत्रकात निवडलेली पद्धत नोंदवावी लागते. ती नोंदविली की राखीव क्षमतेला हात घालणारे नवीन पाते चालू करण्यास नियंत्रक स्वतःच नकार देतो. शेवटी, पूर्वसूचना देऊन, पूर्ण भार चालू असताना एका बाजूचा ब्रेकर हाताने पाडून पाहावयाचा, दुसऱ्या बाजूचे आकडे टिपून ठेवावयाचे, आणि मग उलट बाजूने तेच करावयाचे. प्रत्येक नवीन पाते बसविल्यानंतर हा प्रयोग पुन्हा करावा लागतो.